दुपारी दोनचा दरबार



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय सहावा, श्लोक १६ आणि १७.

अर्थ आपल्याला माहीत असतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही, आणि पोटाला चिमटा घेणाऱ्यालाही नाही. फार झोपणाऱ्याला साधत नाही, आणि सतत जागणाऱ्यालाही नाही. ज्याचं खाणं, हिंडणं, काम, झोप आणि जागणं मापात आहे, त्याचा योग त्याचं दुःख घालवतो. बस, एवढंच.

ध्यानाच्या एवढ्या मोठ्या अध्यायात भगवंत मध्येच जेवणा-झोपेचं का बोलतात, असं मला कॉलेजात असताना वाटायचं. आता वाटत नाही. रात्री साडेअकराला लॅपटॉप मिटून सकाळी सातला अलार्म बंद करणाऱ्या माणसाला ध्यानाआधी हेच सांगावं लागतं.

पण "मापात" म्हणजे किती? गीता तास सांगत नाही. त्यामुळे आपण ते तास दुसरीकडे शोधतो. मीही शोधले. कॅलेंडरवर रंगीत चौकोन पाडले, अवघड काम सकाळी, मीटिंगा दुपारी, मेल दिवसातून दोनदा. डोकं कधी जास्त चालतं याची दोन आठवडे नोंद ठेवली. माझं नऊ ते बारा चालतं. ते तीन तास मी तटबंदी घालून राखले. काम खरंच वाढलं. मी मात्र घरी आणि ऑफिसात तेवढाच चिडका राहिलो. हे का, ते मला कळत नव्हतं.

मग एकदा अहिल्याबाई होळकरांचा दिनक्रम वाचनात आला, आणि आज या श्लोकांच्या निमित्तानं तोच सांगायचा आहे. त्यांच्या मोठेपणाबद्दल आपण शाळेपासून ऐकतो. त्यांच्या दिवसाबद्दल फारसं ऐकत नाही.

हा दिनक्रम आपल्यापर्यंत पोचला तो जॉन माल्कम या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यामुळे. १८१८ नंतर तो माळव्याचा कारभार बघत होता. बाईंना जाऊन तेव्हा पंचवीसेक वर्षं झाली होती, म्हणजे त्यांना डोळ्यांनी पाहिलेली, त्यांच्या हाताखाली काम केलेली माणसं हयात होती. त्यानं त्यांच्याकडे चौकशी केली आणि मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या पुस्तकात ते सगळं लिहिलं. पुस्तक १८२३ साली लंडनला छापलं गेलं. परक्या राज्याचा माणूस, ज्याला स्तुती करून काही मिळणार नव्हतं, तो लिहितोय, हे लक्षात घ्या.

दिवस असा होता. उजाडायच्या एक तास आधी उठायचं. स्नानसंध्या, पूजा. मग ठरलेला वेळ पोथी-पुराण ऐकायचं. त्यानंतर दानधर्म, आणि ब्राह्मणांना स्वतःच्या हातानं जेवायला वाढणं. मग स्वतःचं जेवण, साधं, शाकाहारी. त्यांच्या कुळात मांसाहाराला बंदी नव्हती, पण त्यांनी तो सोडला होता. जेवणानंतर पुन्हा थोडी प्रार्थना आणि थोडी विश्रांती. उठून, वस्त्रं बदलून, दुपारी दोनच्या सुमारास दरबार. तो संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर दोन-तीन तास पूजा-अर्चा आणि हलकं खाणं. रात्री नऊला पुन्हा कामकाज, अकरापर्यंत. अकराला झोप. यात बदल व्हायचा तो फक्त उपासतापास, सणवार आणि राज्यावर काही संकट आलं तर.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे आधी बेरीज केली. दुपारचे चार आणि रात्रीचे दोन, म्हणजे राज्यकारभाराला सहा तास. रात्रीची झोप साधारण सहा तास, शिवाय दुपारची डुलकी. आणि सकाळ, म्हणजे डोकं सगळ्यात ताजं असतं तो अख्खा वेळ, कामाला दिलेलाच नाही!

हे मला खटकलं. प्रॉडक्टिव्हिटीच्या हिशेबानं ही चूक आहे. सगळ्यात महत्त्वाचं काम सगळ्यात चांगल्या वेळेला, असं आपण शिकलो. मग माळव्याचं राज्य दुपारी दोनला, निमाडच्या त्या उन्हाळ्यात, जेवणानंतर? निमाडचा उन्हाळा ज्यांनी पाहिलाय त्यांना विचारा.

उत्तर शोधायला त्यांचं आयुष्य बघावं लागतं.

अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे, गावचे पाटील. मल्हारराव होळकरांच्या मुलाशी, खंडेरावांशी, लहानपणीच लग्न झालं. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेले. बाई तेव्हा तिशीच्याही आत. त्या काळाच्या रीतीप्रमाणे त्या सती जायला निघाल्या. सासऱ्यांनी अडवलं. मल्हाररावांनी एकुलता एक मुलगा गमावला होता, आणि त्यांनी सुनेला मागे ठेवून घेतलं. नुसतं ठेवून घेतलं नाही, कामाला लावलं. १७६५ च्या सुमाराची त्यांची सुनेला लिहिलेली पत्रं आहेत, त्यांत तोफखाना कुठे न्यायचा, दारूगोळ्याची तजवीज कशी करायची, मुक्काम किती दिवस ठेवायचा, असल्या सूचना आहेत. सासरा सुनेला मोहिमेची कामं सांगतोय.

१७६६ ला मल्हारराव गेले. गादी बाईंच्या मुलाकडे, मालेरावांकडे आली. वर्षही पुरं झालं नाही, १७६७ मध्ये मालेरावही गेले. नवरा, सासरा, मुलगा. आता राज्य कुणाचं, हा प्रश्न उभा राहिला. दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांचा बेत होता की एखादं लहान मूल दत्तक घ्यावं आणि कारभार आपल्या हाती ठेवावा. बाईंनी नकार दिला. राघोबादादा फौज घेऊन निघाले. बाईंनी शिंदे, भोसले, गायकवाड यांच्याकडे पत्रं धाडली, स्वतः लढायची तयारी केली, आणि माधवराव पेशव्यांनी शेवटी त्यांच्या बाजूनं कौल दिला. लढाई झाली नाही. बेचाळिशीच्या उंबरठ्यावर त्यांच्या हाती राज्य आलं आणि पुढची अठ्ठावीस वर्षं राहिलं.

आता बघा त्यांनी पहिल्यांदा काय केलं. सगळं स्वतःकडे ठेवलं नाही. फौजेचं काम तुकोजी होळकरांना दिलं. तुकोजी नात्यानं जवळचे नव्हते, पण भरवशाचे होते. ते मोहिमांवर असत, कधी दक्षिणेत, कधी उत्तरेत, वर्षानुवर्षं. मुलकी कारभार, वसुली, न्याय आणि हिशेब बाईंकडे. हिशेब त्या काटेकोर ठेवत आणि खर्च भागवून उरलेला पैसा फौजेकडे पाठवत. मंत्री वारंवार बदलले नाहीत. बहुतेक सगळी कारकीर्द गोविंदपंत गानू त्यांच्याकडे मंत्री होते. लहानसहान तंटे पंचायतीकडे किंवा अधिकाऱ्यांकडे जात. पण दाद मागत कुणी वर आलाच, तर तो थेट त्यांच्यासमोर येऊ शकत होता. त्या पडदा पाळत नसत, उघड्या दरबारात बसत.

आणि माल्कमला लोकांनी जे सांगितलं त्यात हे ठळक आहे : प्रकरण कितीही क्षुल्लक असो, त्या न कंटाळता, शेवटपर्यंत ऐकून घेत.

इथे मला माझ्या खटकण्याचं उत्तर मिळालं.

दुपारी दोन ते सहा त्या कोडी सोडवत नव्हत्या. त्या माणसं ऐकत होत्या. कुणाच्या शेताचा बांध सरकवलाय, कुणा विधवेच्या पैशावर दिराचा डोळा आहे, कुठला अंमलदार जास्त वसूल करतोय, अशी माणसं. अशा कामाला तल्लख बुद्धी लागते तशी त्याहून जास्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे न उकळणारं मन. चौथ्या तासाला आलेल्या शेवटच्या म्हाताऱ्यालाही पहिल्यासारखंच ऐकायचं. ही शिल्लक कुठून यायची? ती सकाळी जमा झालेली असायची. पहाटेची पूजा, ऐकलेली पोथी, स्वतःच्या हातानं वाढलेलं अन्न, मापातलं जेवण, थोडी झोप. एवढं सगळं झाल्यावर दरबार.

म्हणजे सकाळ त्यांनी कामापासून वाचवली नव्हती. सकाळीच दुपारची तयारी चालायची. आपण दिवसातला उत्तम वेळ आपल्या कामाला देतो आणि उरलेला, शिळा वेळ माणसांना. त्यांनी उत्तम वेळ देवाला दिला आणि त्यातून तयार झालेलं मन माणसांना.

कारभारात त्या सही करत नसत, हुकुमांवर शंकराचं नाव असे, असं सांगतात. राज्य शंकराचं, आपण त्याच्या वतीनं बघायचं, ही भावना. मला त्यातला एक साधा, रोजचा फायदा दिसतो. जे आपलं नाही त्याचं ओझं दरबार उठल्यावर खाली ठेवता येतं. संध्याकाळी सहाला त्या पुन्हा मालकापुढे जाऊन बसत. मग नऊला परत हिशेबाला.

त्या सदोदित शांत होत्या, असंही समजू नका. राग क्वचित यायचा, पण आला की जवळच्या माणसांनाही समोर उभं राहायची हिंमत होत नसे, अशी आठवण माल्कमनं नोंदली आहे. आणि स्तुतीला तर त्या वेळच देत नसत. एका पंडितानं त्यांच्या गुणगानाचा ग्रंथ लिहून आणला. त्यांनी तो ऐकून घेतला, आपण एवढ्या योग्यतेच्या नाही असं सांगितलं, आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला. पंडिताकडे पुन्हा लक्षही दिलं नाही.

या सहा तासांतून काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. काशी विश्वनाथाचं आजचं मंदिर १७८० चं. सोमनाथाचं १७८३ चं. गयेचं विष्णुपद मंदिर. महेश्वरचे घाट आणि महेश्वरी साडीचे विणकर. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रं. हे त्यांनी दौलतीच्या पैशातून नाही, खाजगीच्या, म्हणजे स्वतःच्या हक्काच्या पैशातून केलं. तेही बहुतेक महेश्वरच्या एका साध्या वाड्यात बसून, पत्रं लिहून आणि योग्य माणसं नेमून.

पण मंडळी, मी आज हे लिहायला बसलो त्याचं कारण काशीचं मंदिर नाही. दोन छोट्या गोष्टी आहेत.

पहिली दुःखाची. श्लोक म्हणतो, मापात जगणाऱ्याचा योग दुःख घालवतो. मग बाईंचं दुःख गेलं का? आधीच नवरा, सासरा, मुलगा गेलेले. मुलगी मुक्ता उरली होती. तिचा मुलगा, नथ्याबा, तोही गेला. आणि १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे गेले. मुक्ताबाई सती जायला निघाल्या. आईनं विनवलं, पायाशी लोळण घेतली. सदतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी सुनेला जसं थांबवलं होतं, तसं आईला लेकीला थांबवता आलं नाही. नर्मदेच्या काठी, दोघांनी हात धरून ठेवलेल्या अवस्थेत, त्यांनी ते पाहिलं. तीन दिवस जेमतेमच अन्न घेतलं, कुणाशी बोलल्या नाहीत.

चोवीस वर्षांचा तो दिनक्रम तीन दिवस मोडला. मोडायलाच हवा होता. दिनक्रमानं दुःख आलंच नाही, असं झालं नाही. पण तीन दिवसांनी त्या उठल्या तेव्हा परत जायला एक जागा होती. पहाटेची पूजा होती, दोनचा दरबार होता, दाराशी दाद मागायला आलेला माणूस होता. त्या सावरल्या, गेलेल्यांसाठी सुंदर छत्री बांधून घेतली, आणि पुढे १३ ऑगस्ट १७९५ ला जाईपर्यंत राज्य बघत राहिल्या. श्लोकातल्या दुःख घालवण्याचा मला आता लागणारा अर्थ एवढाच आहे. दुःख येतं, तुम्हाला पाडतंही, पण रोजची वाट इतकी मळलेली असते की पाय आपोआप तिच्याकडे वळतात. ही वाट दुःखाच्या दिवशी पाडता येत नाही. ती आधीच पाडून ठेवावी लागते, साध्या मंगळवार-बुधवारी.

दुसरी गोष्ट बैलांची आहे, आणि माझ्या चिडकेपणाचं उत्तर तिच्यात निघालं.

उन्हाळ्यात महेश्वरच्या आसपासच्या शेतकऱ्यांना एक दृश्य दिसायचं. औत चाललेलं असायचं, आणि बाईंचा माणूस येऊन बैल थांबवायचा, त्यांना पाणी पाजायचा. वाटसरूंसाठी रस्त्यावर पाण्याची सोय होतीच, पण बैलांसाठीही माणूस नेमलेला. शेतातून पाखरं हाकलतात म्हणून त्यांनी काही शेतं विकत घेऊन पाखरांसाठी मोकळी ठेवली होती, असंही सांगतात.

हे वाचल्यावर मला आमची टीम आठवली. माझे नऊ ते बारा मी राखले होते, ते कसे? सकाळी मेसेज बघायचे नाहीत, म्हणून ज्युनिअर मुलांचे प्रश्न बारापर्यंत पडून. मग संध्याकाळी मी मोकळा झालो की सहाला त्यांच्या कोडवर शेरे, आणि रात्री दहाला त्यांची दुरुस्ती. माझी सकाळ ताजी राहावी म्हणून त्यांची रात्र जात होती. एकदा एक मुलगा रिव्ह्यूच्या कॉलवर बोलता बोलता गप्प झाला. रात्री दोनपर्यंत जागला होता, माझ्याच शेऱ्यांवर. मी त्याला वर सुनावलं की वेळेचं नियोजन शिक.

वेळेचं नियोजन माझंच चुकलं होतं. मी फक्त माझ्या अंगातली ताकद मोजली होती, औताला जुंपलेल्या दुसऱ्या जिवाची मोजलीच नव्हती. बाईंनी दुपारी स्वतः विश्रांती घेतली, आणि त्याच उन्हात दुसऱ्याचा बैलही थांबवला. श्लोकातलं "मापात" तिथे पुरं होतं.

त्या मुलाची मी माफी मागितली. आता सकाळी पहिला अर्धा तास अडलेल्यांसाठी ठेवलाय, मग माझं काम. संध्याकाळी सातनंतर शेरा लिहिला तरी तो दुसऱ्या दिवशी पाठवतो. काम थोडं कमी होतं, खरं सांगतो. घरी आवाज मात्र कमी चढतो.

तुम्ही लगेच पहाटे चारचा अलार्म लावा, असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडे वाडा नाही, चाकरमाणसं नाहीत, कुणाची रात्रपाळी आहे, कुणाकडे तान्हं बाळ आहे, कुणी लोकलमध्ये रोज तीन तास घालवतं. बाईंचे तास आपले नाहीत. पण त्यांनी लावलेला क्रम घेता येतो. आज कागदावर चार गोष्टी लिहून बघा :

१. माझ्या दिवसातला सगळ्यात ताजा वेळ कोणता, आणि त्यातली निदान पंधरा मिनिटं देवाची आहेत का?

२. जे दुसरा नीट करू शकतो असं कोणतं काम मी उगाच धरून बसलोय? माझा तुकोजी कोण?

३. माझा दोनचा दरबार कोणता? म्हणजे जिथे माणसांना शेवटपर्यंत ऐकायचं असतं ती वेळ. तिच्याआधी मी जेवलोय का, दहा मिनिटं डोळे मिटलेत का?

४. माझ्या सोयीसाठी कुणाचा बैल उन्हात चालतोय?

पहिले तीन मी वर्षभर करतोय आणि बरे चाललेत. चौथा अजून रोज बघावा लागतो.

महेश्वरला आजही रोज सकाळी मातीची छोटी शिवलिंगं करून, पुजून नर्मदेत सोडतात. बाईंच्या काळापासून चालत आलेली रीत आहे. रोज नवी करायची, रोज सोडून द्यायची. दिवसाचंही तसंच आहे. आजचा दिवस घडवायचा, त्याला अर्पण करायचा, आणि उद्या पुन्हा माती मळायला बसायचं.

उद्या श्लोक १८.

राम कृष्ण हरी.